‘नॉट सिरियलायझेबल’ दिसलं की लगेच क्लासला हात लावू नका : जावा वेब अ‍ॅप्लिकेशनमधल्या सिरियलायझेशनच्या अडचणी क्रमाने सोडवताना

मी लातूरमध्ये बसून साखर कारखान्यांची आणि पतसंस्थांची जावा अ‍ॅप्लिकेशनं सांभाळतो. नांदेड, परभणी, बीड, छत्रपती संभाजीनगर इथली नव्याने कामाला लागलेली मुलं मला लॉग पाठवतात, आणि त्यात एकच चुकीचा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. लॉगमध्ये ‘नॉट सिरियलायझेबल एक्सेप्शन’ येतं आणि त्यापुढे एका क्लासचं नाव असतं. (सिरियलायझेशन म्हणजे मेमरीतला ऑब्जेक्ट बाइट्सच्या रूपात लिहून ठेवणं किंवा पाठवणं, आणि त्यातून तो परत वाचणं. या क्लासचा ऑब्जेक्ट तसा लिहिता येत नाही, असं ही एरर सांगते.) मुलगा त्या क्लासला ‘इम्प्लिमेंट्स सिरियलायझेबल’ जोडतो. पुन्हा चालवलं की दुसऱ्या क्लासचं नाव येतं, मग त्यालाही जोडतो. असं करत करत कुठल्या तरी लायब्ररीतला क्लास येतो, जो आपल्याला बदलता येत नाही. तिथे तो फील्डला ‘ट्रान्झियंट’ (‘हे फील्ड लिहू नकोस’ अशी खूण) लावतो आणि एरर थांबते. पुढच्या रीस्टार्टनंतर त्याच फील्डवर नल पॉइंटर (रिकामं फील्ड वापरायला गेल्याची एरर) येतो. तोवर गाळप हंगाम सुरू झालेला असतो आणि वजनकाट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असते.

ही एरर क्लासची असते, असं समजून सुरुवात केली की वाट चुकते. एखादा ऑब्जेक्ट जिथे जायला नको तिथे गेला, किंवा जुन्या रूपात साठवलेला ऑब्जेक्ट नव्या कोडने वाचायला घेतला, ही बहुतेक वेळा खरी अडचण असते. म्हणून आधी वाट शोधायची, मग निर्णय घ्यायचा आणि कोडला हात सगळ्यात शेवटी लावायचा. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

(क्लास, सेटिंग आणि आदेशांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीसारखी जोडून लिहा.)

## तयारी : रीस्टार्ट करण्याआधी हे जमवा

घाईघाईत सर्व्हर रीस्टार्ट केला की अर्धा पुरावा जातो. त्याआधी चार गोष्टी बाजूला काढून ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठे आली ते दाखवणाऱ्या ओळी), अगदी शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वरच्या दहा ओळी असतात आणि कामाची ओळ चाळिसावी असते. फोटो नको, लॉगची फाइल मागवा.

दुसरी गोष्ट, सध्या चालू असलेली वॉर फाइल (सर्व्हरवर चढवलेलं अख्ख्या कोडचं पॅकेज) आणि तिच्या आधीची वॉर फाइल. दोन्ही लागतात, कारण सिरियलायझेशनच्या निम्म्या तक्रारी ‘काल चालत होतं’ अशा असतात आणि कालचा कोड हाती नसेल तर तुलना करता येत नाही.

तिसरी, जावा, टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) आणि स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) यांच्या नेमक्या आवृत्त्या. ‘नवीनच आहे’ हे उत्तर चालणार नाही.

चौथी, साठवलेला डेटा. टॉमकॅट सेशन (लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हरने धरून ठेवलेली माहिती) फाइलमध्ये ठेवत असेल तर वर्क फोल्डरमधली ‘सेशन्स डॉट एसईआर’ फाइल, आणि रेडिसमध्ये (की देऊन डेटा साठवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर) ठेवत असेल तर बिघडलेल्या एका कीची बाइट्सची प्रत.

इशारा : टॉमकॅट सुरू होताना ही सेशन फाइल वाचतो आणि काढून टाकतो. म्हणून सर्व्हर बंद झाल्यावर आणि पुन्हा सुरू करण्याआधी तिची प्रत घ्या.

## टप्पा १ : एरर कोणत्या जातीची आहे ते ठरवा

सगळ्या एररना ‘सिरियलायझेशनचा प्रॉब्लेम’ हे एकच नाव दिलं की उपायही एकच सुचतो. त्या मुळात वेगवेगळ्या असतात.

लिहिताना आलेली एरर. ‘नॉट सिरियलायझेबल एक्सेप्शन’ इथे येतं. रेडिसवर स्प्रिंग वापरत असाल तर ‘डीफॉल्ट सिरियलायझर रिक्वायर्स अ सिरियलायझेबल पेलोड’ असा मजकूर दिसतो. अर्थ तोच. ऑब्जेक्ट आत्ता तुमच्यासमोर आहे, म्हणजे शोध सोपा आहे. टप्पा २ कडे जा.

वाचताना आलेली एरर. ‘इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन’ आणि सोबत ‘लोकल क्लास इनकम्पॅटिबल’ असेल तर साठवलेला क्लास आणि आत्ताचा क्लास यांचा आवृत्ती क्रमांक जुळत नाही. ‘क्लास नॉट फाउंड’ असेल तर क्लासचं नाव किंवा पॅकेज बदललं आहे, किंवा वाचणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनकडे ती लायब्ररीच नाही. जुनं कोड ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’वर नेलं आणि सेशनमध्ये त्या पॅकेजमधले ऑब्जेक्ट होते, तरी हेच होतं. या सगळ्यांसाठी टप्पा ६.

मुळात तो जावाचा ऑब्जेक्टच नाही. ‘स्ट्रीम करप्टेड एक्सेप्शन’ येतं आणि पुढे ‘इनव्हॅलिड स्ट्रीम हेडर’ म्हणून आठ अक्षरं असतात. बहुतेक जण ती अक्षरं वाचतच नाहीत, आणि उत्तर नेमकं तिथेच असतं. जावाचा सिरियलायझ केलेला प्रवाह नेहमी ‘एसी ईडी ०० ०५’ या चार बाइट्सनी सुरू होतो. त्याऐवजी काय आलं ते पाहा :

- ‘३सी २१ ४४ ४एफ’ म्हणजे एचटीएमएल पानाच्या ‘डॉकटाइप’ची सुरुवात. समोरच्या सर्व्हरने ऑब्जेक्टऐवजी एररचं किंवा लॉगिनचं पान पाठवलं.
- ‘७बी २२’ने सुरुवात असेल तर महिरपी कंस आणि अवतरण चिन्ह, म्हणजे जेसन. लिहिणारा जेसन लिहितोय आणि वाचणारा जावाचा ऑब्जेक्ट समजतोय.
- ‘१एफ ८बी’ म्हणजे जीझिपने दाबलेला डेटा, उघडायचा राहिला आहे.
- ‘ईएफ बीएफ बीडी ईएफ’ दिसलं तर कोणीतरी बाइट्सना मध्येच स्ट्रिंग केलं. यूटीएफ-८ मध्ये ‘एसी’ आणि ‘ईडी’ हे बाइट तसे बसत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी बदली चिन्ह आलं. हा डेटा परत मिळत नाही. लिहिणारी जागा दुरुस्त करा.

याच कुटुंबातली आणखी एक एरर म्हणजे ‘इनव्हॅलिड टाइप कोड : एसी’. एकाच फाइलला पुन्हा उघडून, नव्या ‘ऑब्जेक्ट आउटपुट स्ट्रीम’ने मागे जोडत लिहिलं की मध्येच दुसरं हेडर पडतं, आणि वाचणारा तिथे अडतो.

एरर नाही, पण माहिती गायब. ही सगळ्यात वाईट जात, तिच्याबद्दल पुढच्या टप्प्यात.

जेसनची एरर. जॅक्सनचं (जेसन लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लायब्ररीचं) नाव स्टॅक ट्रेसमध्ये असेल तर जावाच्या सिरियलायझेशनशी तिचा संबंध नाही. थेट टप्पा ७ वर जा. तिथे ‘इम्प्लिमेंट्स सिरियलायझेबल’ जोडून काहीही होत नाही, तरी जोडलेलं मी कित्येक ठिकाणी पाहिलं आहे.

## टप्पा २ : ऑब्जेक्ट कोणत्या वाटेने बाहेर पडतो ते शोधा

वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये कोणीही उगाच ऑब्जेक्ट लिहीत नाही. लिहिणारं कोणीतरी असतं : टॉमकॅट बंद होताना, दोन सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये सेशनची नक्कल करताना, स्प्रिंग सेशन, कॅश किंवा मेसेज क्यू. स्टॅक ट्रेस खालून वर वाचा आणि ‘राइट ऑब्जेक्ट’च्या आधी कोणाचं नाव आहे ते कागदावर लिहा.

टॉमकॅटचं वागणं नीट समजून घ्या, कारण इथेच माणसं फसतात. सेशन टिकवणं चालू असेल आणि सर्व्हर नीट बंद केला, तर टॉमकॅट सेशन फाइलमध्ये लिहितो. सेशनमध्ये ठेवलेली वस्तू स्वतःच ‘सिरियलायझेबल’ नसेल तर तो ती मुकाट्याने काढून टाकतो. वस्तू ‘सिरियलायझेबल’ आहे पण तिच्या पोटात न लिहिता येणारं काही असेल, तर ‘कॅनॉट सिरियलाइझ सेशन अ‍ॅट्रिब्यूट’ अशी फक्त वॉर्निंग देतो आणि पुढे जातो. दोन्ही वेळा अ‍ॅप्लिकेशन सुरू होतं, वापरणारा लॉगिन झालेला दिसतो, आणि त्याच्या सेशनमधली काटा नोंद मात्र नसते.

आपल्याकडे यात विजेचा आणखी एक पेच आहे. वीज गेली आणि बॅटरीही संपली तर सर्व्हर नीट बंद होत नाही, त्यामुळे फाइल लिहिलीच जात नाही. ‘किल -९’ दिलं तरी तसंच. म्हणजे ‘रीस्टार्टनंतर सेशन कधी टिकतं, कधी टिकत नाही’ अशी तक्रार आली तर ती खरी असू शकते आणि तरीही कोडमध्ये चूक नसू शकते. सर्व्हर कसा बंद झाला होता ते आधी विचारा. एका कारखान्याच्या कामात मी हे न विचारता दोन दिवस कोड चाळला होता. कारण निघालं काट्याच्या खोलीतला यूपीएस.

तपासा : वेब डॉट एक्सएमएलमध्ये ‘डिस्ट्रिब्यूटेबल’ लिहिलेलं आहे का? असेल तर टॉमकॅट न लिहिता येणारी वस्तू सेशनमध्ये ठेवतानाच ‘इलीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन’ देतो. चाचणीच्या सर्व्हरवर हे मुद्दाम लावून ठेवावं असं माझं मत आहे. जी चूक रीस्टार्टला कळली असती ती क्लिक केल्याक्षणी कळते.

## टप्पा ३ : चूक आपल्या मशीनवर पकडा

वाट कळली की त्या वाटेवरचा ऑब्जेक्ट एका छोट्या टेस्टमध्ये आणा. टेस्ट अगदी साधी असते. ऑब्जेक्ट घ्या, ‘बाइट अ‍ॅरे आउटपुट स्ट्रीम’वर ‘ऑब्जेक्ट आउटपुट स्ट्रीम’ बसवून लिहा, मिळालेल्या बाइट्समधून परत वाचा आणि मूळ ऑब्जेक्टशी एकेक फील्ड ताडून पाहा. कॉमन्स लँगमधल्या ‘सिरियलायझेशन युटिल्स’मध्ये हे तयार मिळतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘न्यू काटानोंद’ असा रिकामा ऑब्जेक्ट बनवून टेस्ट करणं. रिकाम्या ऑब्जेक्टमधली सगळी फील्ड नल असतात, आणि नल कुठल्याही प्रकारचं असलं तरी लिहिता येतं. टेस्ट हिरवी होते आणि काट्यावर तेच कोड पडतं. ऑब्जेक्ट खऱ्या सर्व्हिसमधून, खऱ्या डेटाबेसच्या नोंदींवरून भरून घ्या. शेतकरी, गट, वाहन, भरलेलं वजन, रिकामं वजन, सगळं भरलेलं हवं.

दुसरी चूक म्हणजे फक्त लिहून पाहणं. ‘ट्रान्झियंट’ फील्ड लिहिताना कधीच ओरडत नाही. वाचल्यावर ते नल, शून्य किंवा फॉल्स झालेलं दिसतं. वाचून ताडल्याशिवाय टेस्ट पूर्ण झाली असं म्हणू नका.

आता फील्डचा माग काढा. एररमध्ये फक्त शेवटच्या क्लासचं नाव असतं, तो कोणाच्या पोटात होता ते नसतं. जावा सुरू करताना उणे चिन्ह आणि मोठा डी देऊन त्याला जोडून ‘सन.आयओ.सिरियलायझेशन.एक्स्टेंडेडडीबगइन्फो=ट्रू’ लिहा. मग एररखाली पूर्ण साखळी छापून येते : या क्लासचं हे फील्ड, त्याच्या वर हा ऑब्जेक्ट, अगदी मुळापर्यंत. एक-एक क्लासला ‘सिरियलायझेबल’ लावत फिरायचे तासन् तास या एका सेटिंगने वाचतात.

इशारा : ही साखळी छापताना जावा प्रत्येक ऑब्जेक्टची ‘टू स्ट्रिंग’ पद्धत चालवतो. तुमच्या ‘टू स्ट्रिंग’मध्ये आधार क्रमांक किंवा बँक खातं असेल तर ते लॉगमध्ये जाईल. हे सेटिंग आपल्या मशीनवर वापरा, चालू सर्व्हरवर कायमचं ठेवू नका.

## टप्पा ४ : नाव वाचून गुन्हेगार ओळखा

साखळीच्या टोकाला जे नाव येतं त्यावरून कारण बहुतेक वेळा लगेच ओळखू येतं.

नावात $ आणि आकडा असेल तर तो निनावी क्लास आहे. स्टॅटिक नसलेला आतला क्लास आपल्या बाहेरच्या क्लासला धरून असतो, साखळीत ते ‘धिस$०’ या फील्डने दिसतं. म्हणजे तुम्ही छोटा मॅप सेशनमध्ये ठेवला असं समजता, आणि त्याच्यासोबत अख्खा कंट्रोलर ओढला जातो. दोन महिरपी कंस वापरून मॅप भरायची सवय असेल तर ती इथे नडते. आतला क्लास स्टॅटिक करा, मॅप साध्या पद्धतीने भरा.

नावात ‘$$लॅम्डा’ असेल तर कुठेतरी लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) साठवली गेली आहे. ती सहसा ‘ट्री मॅप’ किंवा ‘ट्री सेट’च्या तुलनाकारात (कम्पॅरेटरमध्ये) लपलेली असते. वजनाप्रमाणे नोंदी लावायला दिलेला तुलनाकार मॅपच्या पोटात राहतो आणि मॅपसोबत लिहिला जातो. सेशनमध्ये ठेवताना साधी ‘अ‍ॅरे लिस्ट’ करून ठेवा, क्रम दाखवताना लावा.

जावाच्या स्वतःच्या कलेक्शनमधलं नाव आलं की लोक गोंधळतात : ‘अ‍ॅरे लिस्ट तर सिरियलायझेबल आहे ना?’ आहे, पण ‘सब लिस्ट’ने मिळालेला तुकडा नाही. ‘हॅश मॅप’ आहे, पण त्याची ‘की सेट’ आणि ‘व्हॅल्यूज’ नाहीत. ‘ऑप्शनल’ही नाही. उपाय एकाच ओळीचा आहे, त्यातून नवी ‘अ‍ॅरे लिस्ट’ बनवा. फील्डचा प्रकार ‘लिस्ट’ लिहिलेला असल्याने कंपायलर इथे काहीच बोलत नाही.

डेटाबेस कनेक्शन, इनपुट स्ट्रीम, थ्रेड, रिक्वेस्ट, सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट, अपलोड केलेली फाइल, एखादी स्प्रिंग सर्व्हिस : ही नावं आली तर ती वस्तू तिथे असायलाच नको होती.

हायबरनेटचं (डेटाबेसच्या नोंदी ऑब्जेक्टमध्ये आणणाऱ्या लायब्ररीचं) नाव आलं, उदाहरणार्थ ‘पर्सिस्टंट बॅग’, तर तुम्ही एंटिटी (डेटाबेसच्या नोंदीला बांधलेला ऑब्जेक्ट) सेशनमध्ये ठेवली आहे. ती इथे लिहिली जाईलही, पण वाचणाऱ्याकडे हायबरनेट नसेल तर ‘क्लास नॉट फाउंड’ येईल. असेल तर आळशी (गरज पडल्यावरच भरल्या जाणाऱ्या) फील्डला हात लावल्यावर ‘नो सेशन’ची एरर येईल. इथला सेशन हायबरनेटचा, लॉगिनचा नव्हे.

## टप्पा ५ : ठेवायचं की काढायचं, मग दुरुस्ती

कोडला हात लावण्याआधी प्रत्येक फील्डसमोर एक प्रश्न लिहा : रीस्टार्टनंतर हे डेटाबेसमधून पुन्हा आणता येईल का? येत असेल तर ते सेशनमध्ये ठेवू नका, फक्त आयडी ठेवा. काटा कारकुनाच्या सेशनमध्ये नोंद क्रमांक, गट क्रमांक आणि भरलेलं वजन एवढंच पुरतं. शेतकऱ्याचं पूर्ण खातं, त्याचे सगळे प्लॉट, मागच्या हंगामाच्या पावत्या, यातलं काहीही नको. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी या एका कामाने मिटतात, आणि सेशनही हलकं होतं.

उरलेल्या फील्डची दुरुस्ती अशी :

१. आपला स्वतःचा साधा माहितीचा क्लास असेल तर ‘सिरियलायझेबल’ करा, सोबत ‘सिरियल व्हर्जन यूआयडी’ (क्लासचा आवृत्ती क्रमांक) लगेच लिहा.

२. सर्व्हिस, लॉगर यांसारखं पुन्हा मिळवता येणारं फील्ड असेल तर लॉगर स्टॅटिक करा. सर्व्हिस ‘ट्रान्झियंट’ केली तर वाचल्यानंतर ती पुन्हा जोडायची सोय त्याच वेळी लिहा. नुसतं ‘ट्रान्झियंट’ लिहून सोडणं म्हणजे आजची एरर पुढच्या रीस्टार्टवर ढकलणं.

३. पालक क्लास तपासा. मुलगा ‘सिरियलायझेबल’ आणि पालक नाही, असं असेल तर पालकाची फील्ड साठवलीच जात नाहीत. वाचताना पालकाचा विनाआर्ग्युमेंट कन्स्ट्रक्टर चालतो आणि ती फील्ड कोरी होतात. तसा कन्स्ट्रक्टरच नसेल तर ‘नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टर’ येतं. ‘तयार करणारा’ आणि ‘तारीख’ पालकात ठेवलेल्या कितीतरी प्रकल्पांत ही दोन फील्ड अशी हरवताना मी पाहिली आहेत.

तपासा : बदलानंतर टप्पा ३ मधली टेस्ट पुन्हा चालवा, आणि जावा कंपायलरला ‘-एक्सलिंट:सिरियल’ देऊन येणाऱ्या वॉर्निंग वाचा.

## टप्पा ६ : जुना साठवलेला डेटा आणि आवृत्ती क्रमांक

‘सिरियल व्हर्जन यूआयडी’ तुम्ही लिहिला नाही तर जावा तो क्लासचं नाव, फील्ड, पद्धती यांवरून स्वतः काढतो. प्रायव्हेट नसलेली एक छोटी पद्धत वाढवली तरी तो बदलतो, कंपायलर बदलला तरी बदलू शकतो. मग जुना डेटा वाचताना ‘लोकल क्लास इनकम्पॅटिबल’ येतं.

अशा वेळी बहुतेक जण क्लासमध्ये १ लिहून मोकळे होतात. त्याने जुना डेटा वाचला जात नाही, कारण जुन्या डेटात वेगळाच मोठा आकडा लिहिलेला आहे. एररमध्ये दोन आकडे असतात. ‘स्ट्रीम क्लास डेस्क’पुढचा आकडा जुन्या डेटातला आहे. तोच आकडा नव्या क्लासमध्ये लिहा. एरर हाताशी नसेल तर जुन्या वॉर फाइलमधल्या क्लासवर जेडीकेमधला ‘सिरियलव्हर’ आदेश चालवा, तोच आकडा मिळतो. तयारीत जुनी वॉर मागितली ती यासाठी.

आकडा जुळवला म्हणजे सगळं जुळलं असं नाही. फील्ड वाढवणं किंवा काढणं चालतं. फील्डचा प्रकार ‘इंट’वरून ‘लाँग’ केला तर ‘इनकम्पॅटिबल टाइप्स’ येतं. क्लासचं नाव किंवा पॅकेज बदललं तर आकडा कितीही जुळो, उपयोग नाही.

नवं फील्ड वाढवताना एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवा. जुना ऑब्जेक्ट वाचताना ‘सिरियलायझेबल’ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालत नाही आणि फील्डसमोर लिहिलेली सुरुवातीची किंमतही बसत नाही. ‘कपाती’ नावाची रिकामी ‘अ‍ॅरे लिस्ट’ तुम्ही फील्डसमोर लिहिली असेल तरी जुन्या ऑब्जेक्टमध्ये ती नल असते. ‘रीड ऑब्जेक्ट’ पद्धतीत ‘डीफॉल्ट रीड ऑब्जेक्ट’ करून, नल असेल तर रिकामी यादी भरा. रेकॉर्ड वापरत असाल तर तिथे मुख्य कन्स्ट्रक्टर चालतो आणि आवृत्ती क्रमांक जुळण्याची अटही नसते, म्हणून ही तपासणी कन्स्ट्रक्टरमध्येच करता येते.

इनमचं वेगळं आहे. तो नावाने साठवला जातो. ‘टायरगाडी’ हे नाव बदलून ‘बैलगाडी’ केलं, तर जुन्या डेटातलं ‘टायरगाडी’ वाचताना एरर येते. दाखवायचं नाव वेगळ्या फील्डमध्ये ठेवा, मूळ नावाला हात लावू नका.

स्प्रिंग सिक्युरिटीच्या लॉगिन ऑब्जेक्टकडेही लक्ष असू द्या. त्यांच्या अनेक क्लासचा आवृत्ती क्रमांक लायब्ररीच्या आवृत्तीसोबत बदलत आला आहे. लायब्ररी वाढवली की रेडिसमधली जुनी लॉगिनं वाचता येतीलच असं धरून चालू नका.

इशारा : ब्राउझरमधून आलेल्या कुकीमधून किंवा लपवलेल्या फॉर्म फील्डमधून जावाचा ऑब्जेक्ट कधीही वाचू नका. पाठवणारा त्यातून सर्व्हरवर हवं ते चालवू शकतो. बेस ६४ मध्ये ‘लहान आर, मोठा ओ, शून्य, मोठा ए, मोठा बी’ अशी सुरुवात दिसली तर तो जावाचा ऑब्जेक्ट आहे. तशी कुकी आढळली तर बाकी काम बाजूला ठेवून आधी ती काढा. जुन्या कोडमुळे वाचणं टाळताच येत नसेल तर जावा ९ पासून असलेला सिरियल फिल्टर लावा आणि परवानगी फक्त आपल्या क्लासना द्या.

## टप्पा ७ : अडचण जेसनची असेल तर

इथे टप्पे कमी आहेत, पण नुकसान शांतपणे होतं.

‘इन्फिनिट रिकर्शन’ आलं तर शेतकऱ्यात प्लॉट आणि प्लॉटमध्ये शेतकरी असं चक्र आहे. एका बाजूला ‘जेसन इग्नोर’ लावून ते थांबतं, पण मी पाठवण्यासाठी वेगळा छोटा क्लास बनवायला सांगेन. एंटिटी थेट पाठवली की उद्या कोणीतरी एंटिटीत वाढवलेलं बँक खातं आपोआप बाहेर जातं. ‘बाइट बडी इंटरसेप्टर’चं नाव आलं तरी कारण तेच, एंटिटीतली आळशी जोडणी. ‘फेल ऑन एम्प्टी बीन्स’ बंद करण्याचा सल्ला एररमध्येच लिहिलेला असतो, तो पाळू नका. एरर जाते आणि रिकामा ऑब्जेक्ट पुढे जातो.

तारखेची चूक आपल्या भागात लवकर सापडते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख असलेली माणसं इथे गावोगावी आहेत. यादीत त्या सगळ्यांची तारीख ३१ मे दिसू लागली, तर समजा ‘युटिल डेट’ जॅक्सनच्या मूळ यूटीसी वेळेत गेली. आपली रात्रीची १२ म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६.३०. समोरच्या कोडने पहिली दहा अक्षरं कापली की एक दिवस गेला. तारखेला नमुना दिला आणि टाइमझोन दिला नाही तरीही हेच होतं. जन्मतारखेला वेळ नसते, तिथे ‘लोकल डेट’ वापरा. जॅक्सन २ मध्ये तो प्रकार ओळखण्यासाठी ‘जॅक्सन डेटाटाइप जेएसआर३१०’ हे मॉड्यूल लागतं.

मोठे आकडे पाठवताना लक्षात घ्या, जावास्क्रिप्ट ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने धरतो. त्याहून मोठा ‘लाँग’ आयडी शेवटच्या अंकांत बदलतो आणि दुसऱ्याच नोंदीवर जातो. असे आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा. पतसंस्थेचे खाते क्रमांक तर पहिल्यापासूनच स्ट्रिंग हवेत, कारण सुरुवातीचं शून्यही जातं.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर कोडमध्ये ‘गेट बाइट्स’ शोधा. जावा १८ पासून मूळ कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे. त्याआधी तो मशीनवर अवलंबून असतो, म्हणून विंडोजवर बिघडतं आणि लिनक्सवर चालतं. प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. जावाच्या स्वतःच्या सिरियलायझेशनमध्ये हा त्रास नाही, तिथे स्ट्रिंग नेहमी एकाच ठरलेल्या रूपात लिहिल्या जातात.

## टप्पा ८ : डिप्लॉय करताना क्रम चुकवू नका

दुरुस्ती बरोबर आणि डिप्लॉयचा क्रम चुकीचा, असं झालं की सगळ्यांना वाटतं दुरुस्तीच चुकली.

१. जुना डेटा ठेवायचा की टाकायचा ते कामाच्या लोकांना विचारून ठरवा. कॅश बिनधास्त टाकता येते. सेशन टाकलं तर चालू काम जातं, म्हणून गाळपाच्या पाळीबदलाची वेळ घ्या आणि काटा कारकुनाला आधी फोन करा.

२. टाकायचं असेल तर आधी सर्व्हर बंद, मग सेशन फाइल किंवा रेडिसमधल्या की काढणं, मग नवी वॉर, मग सुरू. आधी की काढून मग सर्व्हर बंद केला तर बंद होताना तो जुन्या रूपातली सेशनं पुन्हा लिहून ठेवतो.

३. रेडिसवर ‘फ्लश ऑल’ देऊ नका, त्याच रेडिसवर दुसऱ्या अ‍ॅप्लिकेशनचाही डेटा असू शकतो. ‘कीज’ऐवजी ‘स्कॅन’ने आपल्या उपसर्गाच्या की शोधा. कॅशसाठी याहून चांगली सोय म्हणजे कीच्या उपसर्गात आवृत्ती ठेवणं. नवं कोड नव्या उपसर्गाने लिहितं आणि जुन्या की मुदत संपल्यावर आपोआप जातात, अर्थात त्यांना मुदत दिलेली असेल तर.

४. दोन सर्व्हर एकामागून एक बदलत असाल तर मधल्या वेळेत नवा सर्व्हर लिहितो आणि जुना वाचतो. म्हणून फक्त ‘नवं कोड जुना डेटा वाचतं का’ एवढंच पाहून भागत नाही. जुन्या वॉरला नव्या कोडने लिहिलेले बाइट्स वाचायला देऊन तेही तपासा.

शेवटची तपासणी : एका चाचणी खात्याने लॉगिन करा, अर्धवट नोंद भरा, सर्व्हर नीट बंद करून सुरू करा आणि तीच नोंद पुढे पूर्ण करा. पावती छापा. पावतीवरचं भरलेलं वजन, गट क्रमांक आणि शेतकऱ्याचं मराठी नाव बंद करण्याआधी लिहून ठेवलेल्या कागदाशी ताडा. मग दुसऱ्या सर्व्हरवर हेच करा.